महाविद्यालयाच्या आवारात सावली लावण्याची तीन वर्षे

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा कार्यभार म्हणून मला एक फाइल, एक शिक्का आणि एका खोलीची किल्ली मिळाली. खोलीच्या दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती. मी भूगोल शिकवते. बागकाम, वास्तुरचना किंवा मानसशास्त्र यांपैकी कशाचेही औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही पुढची तीन वर्षे मी आवारातील झाडे, पायवाटा आणि बसण्याच्या जागा यांच्या मागे का लागले आणि त्यात काय काय चुकले, हे लिहून ठेवावे असे वाटले, कारण खानदेशातल्या इतर दोन महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी अलीकडे मला हाच प्रश्न विचारला आणि फोनवर सांगताना माझेच तपशील सुटत होते.

आमचे महाविद्यालय जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. आवार साडेसात एकरांचे, जमीन काळी कापसाची, विद्यार्थी सुमारे अठराशे. त्यांतील बरेच जण आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, तर वसतिगृहात राहणारी काही मुले-मुली सातपुड्यातील पाड्यांवरची आहेत.

तर ती खोली. ती कार्यालय आणि परीक्षा विभाग यांच्या बरोबर मधे होती. फी भरण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या साठ-सत्तर जणांच्या नजरेसमोरून गेल्याशिवाय तिथे पोहोचता येत नव्हते. आधीच्या सहा महिन्यांत नोंदवहीत चार नोंदी होत्या आणि त्यांतील दोन शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली, तिचा १४४१६ हा क्रमांक मी दारावर लावला, तेव्हाही तो टिपून घेताना कोणी दिसले नाही. मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली मी रिक्षाची वाट पाहत उभी असताना, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी शेजारी येऊन उभी राहिली आणि वर्गात कधीही न बोलणारी ती मुलगी चाळीस मिनिटे बोलली. ती काय बोलली हे इथे सांगण्याचे कारण नाही. त्या दिवशी माझ्या एवढेच लक्षात आले, की जे खोलीत होत नव्हते ते झाडाखाली झाले होते. दोघींच्या नजरा समोरच्या सायकलींवर होत्या, आणि आम्ही ‘समुपदेशन’ करत आहोत असे पाहणाऱ्या कोणाला वाटले नसते.

त्यानंतर मी वाचायला सुरुवात केली. या विषयावरील लेखनात रॉजर उलरिच यांचा १९८४ मधील अभ्यास वारंवार येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची त्यांनी तुलना केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. विद्यार्थ्यांच्या संदर्भात मला अधिक उपयोगी पडली ती मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅपलान या दांपत्याची मांडणी. अभ्यासासाठी लागते ते लक्ष प्रयत्नपूर्वक ताणलेले असते आणि ते थकते. पानांची हालचाल, पाखरे, ढग यांच्याकडे जाते ते लक्ष आपोआप जाते, आणि तेवढ्या वेळात थकलेले लक्ष सावरते, असे त्यांचे म्हणणे. इलिनॉयमधील पाच शाळांतील ९४ विद्यार्थ्यांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्गाच्या खिडकीतून हिरवाई दिसणाऱ्या मुलांचे लक्ष आणि ताण मधल्या सुट्टीनंतर अधिक चांगले सावरल्याचे आढळले. हे सारे वाचून मी भारावले, हे खरे. परंतु ते सारे थंड प्रदेशांतले होते, जिथे ऊन हवेहवेसे असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात दहा मिनिटे’ हा सल्ला एप्रिलच्या दुपारी दिला तर तो छळ ठरतो. आमच्या आवारात निसर्गाचा अर्थ आधी सावली असाच लावावा लागणार होता.

काही करण्यापूर्वी मी आवाराचा एक हातनकाशा काढला आणि भूगोलाच्या तृतीय वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बारा दिवस, रोज सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता, कोण कुठे बसले आहे याचे ठिपके मांडले. या कामाला खर्च शून्य आला आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत हाच नकाशा उपयोगी पडला, म्हणून कोणी अशा कामाला हात घालणार असेल तर सुरुवात इथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दुपारी एकचे बहुतेक ठिपके तीन ठिकाणी गोळा झाले होते: तो कडुनिंब, ग्रंथालयाच्या उत्तरेकडील पायऱ्या, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीची जेमतेम चार फुटांची पट्टी. प्रवेशद्वारासमोरील हिरवळ, कारंजे आणि त्याभोवतीचे सिमेंटचे बाक यांवर बारा दिवसांत एकही ठिपका पडला नाही. मुली पाठीशी भिंत असेल तिथेच बसत होत्या. आणि एक गोष्ट मोजल्याशिवाय कधीच लक्षात आली नसती, ती म्हणजे एकट्याने बसलेला ठिपका जवळजवळ नव्हताच. ज्याला कोणाशी बोलायचे नाही, त्याला बसण्यासाठी आवारात जागा नव्हती. तो मुलगा एक तर घरी जात होता किंवा येतच नव्हता.

आमच्याकडे माळीकामही पाहणारे एक ज्येष्ठ शिपाई आहेत, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. नकाशा पाहून ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, येन्हाकरता कागद कसाले? जठे सावली शे, तठेच पोरे बसतीन.” त्यांचे बरोबर होते, पण समितीला कागद लागतो.

प्रस्ताव मार्च २०२३ मध्ये महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवला. माझ्या अपेक्षेप्रमाणे त्याचे रूपांतर ताबडतोब ‘सुशोभीकरणा’त झाले. एका सदस्यांना हिरवळ वाढवायची होती, दुसऱ्यांना रंगीत पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वारापाशी एक पुतळा हवा होता. हिरवळीच्या बाबतीत मी एक साधा हिशेब मांडला: आमच्याकडील उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला सहा-सात लिटर पाणी लागते, पाचशे चौरस मीटरची हिरवळ म्हणजे रोजचे तीन हजार लिटरांहून अधिक, अर्थात दोन दिवसांआड एक टँकर, आणि तेही आपली कूपनलिका एप्रिलमध्ये आटत असताना. यावर फारशी चर्चा झाली नाही. खरा आक्षेप चहाच्या वेळी, इतिवृत्ताबाहेर आला: “मॅडम, झाडी वाढवली की जोडपी बसतील.”

हा आक्षेप मी सुरुवातीला मनातल्या मनात मागासलेला ठरवून टाकला होता, आणि ती माझी चूक होती. पुढच्या आठवड्यात वसतिगृहातील मुलींशी बोलले तेव्हा त्यांचेही म्हणणे वेगळ्या कारणाने तिकडेच जात होते. दाट झुडपांमागून कोणी येईल अशा जागी त्या बसणार नव्हत्या. त्यामुळे एक नियम ठरला, जो दोन्ही बाजूंना मान्य झाला आणि आजही पाळला जातो: झुडूप अडीच फुटांच्या वर वाढू द्यायचे नाही, आणि झाडाच्या फांद्या सहा फुटांच्या खाली ठेवायच्या नाहीत. मधल्या साडेतीन फुटांतून नजर आरपार जाते. बसलेल्याला डोक्यावर छप्पर आहे असे वाटते, आणि तरीही कोणी लपलेले नसते.

मंजुरी जूनच्या बैठकीत मिळाली. रक्कम पहिल्या वर्षासाठी ऐंशी हजार, आणि तीन दरपत्रकांची अट. इथपर्यंत पाच महिने गेले होते. पुढे जे घडले ते सांगताना अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते.

२०२३ चा पाऊस उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. वनमहोत्सवाचा आठवडा साधायचा म्हणून ५ जुलैला वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवला गेला. पाहुणे आले, फलक लागला, छायाचित्रे निघाली. शासकीय रोपवाटिकेतून १२० रोपे आणली होती आणि खड्डे त्याच सकाळी, जेमतेम एक फुटाचे खणले होते. त्यानंतर ऑगस्ट कोरडा गेला. नंतर कळले की १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. काळ्या जमिनीला भेगा पडतात तेव्हा त्या रोपाची कोवळी मुळे अक्षरशः तोडतात, हे मी वर्गात शिकवत आले होते, पण पाहिले प्रथमच. त्यातून जी वाचली त्यांतील काही सप्टेंबरच्या पावसात खड्ड्यात पाणी साचून कुजली आणि काही शेळ्यांनी खाल्ली. डिसेंबरमध्ये मोजणी केली तेव्हा ७१ रोपे गेली होती.

याच सुमारास लेखापरीक्षणात प्रश्न आला, की खरेदी केलेल्या १२० रोपांची नोंद कोठे आहे. आमचे भाऊसाहेब, म्हणजे मुख्य लिपिक, नियमाचे पक्के. त्यांनी सारी रोपे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, पंखे आणि कपाटांच्या खालोखाल, अनुक्रमांकासह चढवली होती. आता ७१ नग कमी कसे झाले याचा खुलासा माझ्याकडे मागण्यात आला. जिवंत झाडांची नोंद डेडस्टॉकमध्ये आणि मेलेल्यांचा खुलासा वेगळ्या कागदावर, हा विनोद आम्ही दोघांनीही त्या वेळी मोठ्याने केला नाही. निर्लेखनाचा, म्हणजे ती रोपे नोंदवहीतून कमी करण्याचा, ठराव होईपर्यंत चार महिने गेले. यातून व्यवहारी शिकवण अशी मिळाली, की रोपांची खरेदी ‘साहित्य’ या शीर्षाखाली न दाखवता ‘उपभोग्य वस्तू’ म्हणून दाखवावी आणि जगलेल्या झाडांची वेगळी वृक्षनोंदवही ठेवावी. हे आधी लिपिकांशी बोलून ठरवले असते तर ही चार महिन्यांची पत्रापत्री वाचली असती.

त्या हिवाळ्यात मी लावणे थांबवून शिकणे सुरू केले. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी होते. तिथे पावरा समाजाचा एक विद्यार्थी, जो वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसतो, वाटेतल्या प्रत्येक झाडाचे नाव, ते केव्हा पान गाळते आणि केव्हा फुलते हे सांगत होता. अंजन, सालई, धावडा, तिवस, मोह, चारोळी. आमच्या आवारातील नामफलकांपैकी अर्ध्यांवरची नावे त्याला चुकीची वाटली, आणि वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा तीन खरोखर चुकीची निघाली. परतल्यावर त्याला मी आमच्या गटात घेतले, आणि पुढची ‘सावलीची दिनदर्शिका’ त्याच्या माहितीवर उभी राहिली.

तिची कल्पना अशी. स्थानिक झाडे लावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण आमच्या भागातील जंगल पानझडीचे आहे, आणि विद्यार्थ्यांना ताण असतो तो नेमका मार्च ते मे या परीक्षांच्या महिन्यांत. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा त्याच्यावर पान नसते. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो तेव्हाही तेच. पाहायला यांच्यासारखी झाडे नाहीत, बसायला मात्र तेव्हा त्यांच्याखाली काही उरत नाही. उलट कडुनिंब आणि करंज पान गाळून एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरतात. चिंच, जांभूळ आणि वड जवळपास वर्षभर सावली देतात. म्हणून बसण्याच्या जागी करंज, कडुनिंब, चिंच आणि जांभूळ. तिथून समोर दिसतील अशा अंतरावर पळस, बहावा, काटेसावर आणि कांचन. आणि कुंपणालगत, घाई नसलेल्या जागी, अंजन, कारण ते आधी मुळे खोल सोडते आणि वर वाढायला वर्षे घेते. त्यात सूर्याचा हिशेबही धरला. आमचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली नाहीशी होते. उरते ती फक्त छताची किंवा झाडाची. परीक्षेच्या काळात भिंतीच्या आडोशावर अवलंबून राहता येत नाही, हे सांगायला मी समितीपुढे खडू आणि काठी घेऊन गेले होते.

चिंचेला विरोध झाला, तो अर्थातच भुताच्या कारणाने. दोन चिंचांवर तडजोड झाली, त्याही वसतिगृहापासून दूर.

दाट ‘मियावाकी’ वन लावून देण्याचा एक प्रस्तावही आला होता. दर चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची ही जपानी पद्धत पडीक कोपरा लवकर भरून काढायला चांगली असेल, पण त्या वनात कोणाला शिरता येत नाही, आणि आम्हाला शिरता येण्याजोगेच काही हवे होते. मी नकार दिला. माझे मत चुकीचे असू शकेल.

दरम्यान पश्चिमेच्या भिंतीलगतची ३८ कोनोकार्पसची झाडे हा स्वतंत्र अध्याय झाला. काही वर्षांपूर्वी झटपट हिरवे दिसावे म्हणून ती लावली होती. त्यांची मुळे गटाराच्या नळांत शिरली होती आणि त्यांच्यावर पाखरू बसत नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातने या झाडाच्या लागवडीवर बंदी घातल्याची बातमी आली आणि समितीचे मन वळले. नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग झाड परदेशी असो वा निरुपयोगी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्ज दिला, सोबत प्रत्येक झाडाचे छायाचित्र, बुंध्याचा घेर, जागेचा नकाशा आणि संस्थेचा ठराव. ठरावावर एक स्वाक्षरी राहिल्याने अर्ज जानेवारीत परत आला. पुन्हा दिला. स्थळपाहणी झाली, झाडांवर नोटिसा डकवल्या गेल्या, आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. निर्णय जूननंतरच होईल, असे सांगण्यात आले. परवानगी हातात पडली ती ऑगस्टमध्ये, बदली झाडे लावण्याच्या अटीसह आणि अनामत भरून. अर्जाच्या प्रत्येक पानाची पोच घेतलेली छायाप्रत ठेवावी, एवढेच यावर सांगते. माझ्या तीन फेऱ्या केवळ त्या पोचेमुळे वाचल्या.

निवडणुकीचा आणखी एक प्रसाद मिळाला. १३ मे रोजी मतदान होते आणि आमचे आवार मतदान केंद्र होते. रात्री साहित्य घेऊन आलेले एक वाहन वळवताना गेल्या वर्षीची जगलेली नऊ रोपे चाकाखाली गेली. सकाळी आप्पांनी ती दाखवली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, आणि मलाच रडू आले. नऊपैकी दोन पुढे बुडातून फुटली.

दुसरी लागवड मात्र जमली. खड्डे एप्रिल २०२४ मध्येच दोन फूट लांब-रुंद-खोल खणून दोन महिने उन्हात तापू दिले. तळाशी थोडा मुरूम, मग निम्मी माती, शेणखत आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे उंच, उंचवट्यावर लावले, म्हणजे पावसाळ्यात बुंध्याशी पाणी थांबत नाही. कार्यक्रम, फलक, पाहुणे काही नाही. दोन चांगले पाऊस पडल्यावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, फक्त ६० रोपे लावली. खानदेशात ठिबक बसवणारा माणूस शोधावा लागत नाही. प्रत्येक रोपाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर दिले. हात धुण्याच्या नळांचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून टाकीत घेतले. आच्छादनासाठी शेजारच्या शेतकऱ्यांकडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, चुरा आणि केळीचा वाळलेला पाला मिळाला, फुकट, फक्त ट्रॉलीचे भाडे. या ६० पैकी आठ रोपे गेली.

बसण्याच्या जागांमध्ये पुन्हा चुका झाल्या. जुन्या कडुनिंबाभोवती पार बांधायला गवंड्याने बुंध्यापर्यंत सिमेंट भरायला घेतले होते. वेळेवर पाहिले म्हणून थांबवता आले. बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी ठेवावी, भर घालू नये, आणि दगड चुन्यासिमेंटशिवाय रचून बाहेरच्या कडेने दीड फूट उंचीचा कट्टा करावा, म्हणजे मुळांना हवा-पाणी मिळते. एका देणगीदार कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ काळ्या ग्रॅनाइटचा सुंदर बाक दिला. मार्चमध्ये दुपारी त्यावर हात ठेवता येत नव्हता. देणगी परत करणे शक्य नव्हते, म्हणून तो ग्रंथालयाच्या उत्तरेला हलवला, आणि पुढच्या बाकांसाठी लाकडी फळ्या ही अट देणगीच्या पत्रातच लिहिली. बाकांची मांडणीही बदलली: दोन पार घोळक्यांसाठी, एक वाटेपासून थोडा आत, आणि चार बाक एकेकट्यांसाठी, एकमेकांकडे पाठ करून, प्रत्येकाच्या मागे झाड किंवा भिंत.

पायवाटांना आम्ही मुरूम घातला, कारण काळी माती फुगते आणि सिमेंटचा रस्ता दोन पावसाळ्यांत तडकतो. पण पहिल्या जुलैत मुरूम चिखलात गेला. नऊ इंच माती काढून खाली डबराचा थर द्यावा लागतो, हे कंत्राटदाराने आम्हाला नंतर सांगितले. चाकाच्या खुर्चीवर येणारा आमचा एक विद्यार्थी त्या चिखलात अडकला तेव्हा लाज वाटली. मुख्य इमारत ते मोठा पार ही एक वाट तेव्हा पेव्हरची केली, आणि चढाला बारा फुटांस एक फूट उतार ठेवला. पेव्हरच्या विरोधात मी मार्च २०२३ च्या बैठकीत केलेले भाषण एका सदस्यांनी मला आवर्जून आठवून दिले.

सप्टेंबर २०२४ मध्ये गवतात साप निघाला. सर्पमित्राने पकडला तेव्हा ती बिनविषारी धामण निघाली, पण दुसऱ्या दिवशी ‘सगळे साफ करा’ असे पत्र माझ्या टेबलावर होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आमच्या भागात आहेत, त्यामुळे भीतीला वेडी म्हणता येणार नव्हते. वाटांच्या दोन्ही बाजूंना तीन फूट गवत कापलेले, पारांजवळ दगड-पाल्याचे ढीग नाहीत, खरकटे टाकायला झाकणाचे डबे, आणि सायंकाळी खालून उजेड, एवढ्यावर ते पत्र मागे घेतले गेले. उरलेले गवत राहिले आणि त्यात मुनिया आल्या.

तीन वर्षांचा एकूण खर्च ३ लाख ५२ हजार रुपये झाला: पार आणि बाक १ लाख ३४ हजार, पायवाटा ६२ हजार, रोपे-खड्डे-जाळ्या ५६ हजार ७००, ठिबक आणि टाकी ४८ हजार ५००, दोन उन्हाळ्यांचे टँकर ३१ हजार २००, आणि कोनोकार्पस काढण्याचा खर्च अनामतीसह १९ हजार ६००. यांतील निम्म्याच्या आसपास माजी विद्यार्थ्यांकडून आले. संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे ८०जी प्रमाणपत्र होते, त्याचा उपयोग झाला.

समुपदेशन कक्ष आम्ही बंद केला नाही. आठवड्यातून एकदा बाहेरून येणाऱ्या समुपदेशक मॅडम पहिला तास खोलीत आणि दुसरा तास आतल्या पारावर बसतात. पाटी नाही, वेळ मात्र सर्वांना माहीत आहे. झाडांमुळे कोणाचे नैराश्य बरे झाले असा दावा मी करणार नाही, आणि ज्यांना डॉक्टरांकडे पाठवायला हवे होते त्यांना डॉक्टरांकडेच पाठवले. नोंदवहीत गेल्या वर्षी ५३ नोंदी झाल्या. त्या खोलीमुळे किती आणि पारामुळे किती, हे मॅडमनी वेगळे लिहिलेले नाही, आणि मीही विचारले नाही.

या जानेवारीत, नव्या तुकडीच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन, तोच नकाशा पुन्हा बारा दिवस मांडला. पाण्याच्या टाकीखालची पट्टी रिकामी झाली आहे. नवे करंज अजून दोन पुरुष उंचीचेही नाहीत, त्यामुळे दुपारी एकची गर्दी अजूनही जुन्या कडुनिंबाखालीच आहे, पण आता तिथे बसायला जागा आहे. एकेकट्या चार बाकांवर रोज दुपारी तीन तरी ठिपके पडतात. कारंज्यापाशी या वेळीही एकही नाही; ते काढून तिथे जांभूळ लावण्याचा प्रस्ताव फेब्रुवारीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला आहे, आणि भाऊसाहेबांनी आताच विचारून ठेवले आहे की कारंज्याचे निर्लेखन कोणत्या रजिस्टरमध्ये दाखवायचे.